इन्व्हर्टरची बॅटरी जास्त वर्षं चालवायची असेल तर…

अनगोळकरांनो, वळवाचा पाऊस आला की लाईट जाणार हे ठरलेलंच. त्याआधी इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे एकदा बघा.

चार्जिंग होताना बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडतं, ॲसिड आतच राहतं. म्हणून वरून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, विहिरीचं, आरओचंही नको. त्यातले क्षार प्लेटा खातात. ॲसिड तर मुळीच नको. पाणी हिरव्या खुणेपर्यंतच भरा.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त बॅटऱ्या मरतात त्या उतरलेल्या तशाच पडून राहिल्यामुळे. बरेच जण गावाला जाताना मेन स्विच बंद करतात. बॅटरी अर्धी उतरलेली असली तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग तो निघत नाही. जाण्याआधी फुल चार्ज करा. चार्जिंग थांबवून काही तासांनी मीटर लावा: १२ व्होल्टच्या बॅटरीला १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी.

बॅटरी जिन्याखालच्या बंद कपाटात नको, हवा खेळती हवी. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं.

आणि जुनी बॅटरी भंगारात फोडायला देऊ नका, शिसं विषारी असतं. नवी घेताना दुकानदारालाच परत द्या.