विश्लेषण : क्लोझापिनसोबत रक्ततपासणी का हवीच?

स्किझोफ्रेनियावरील किमान दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ देऊनही भास आणि संशय कमी होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञ क्लोझापिनचा विचार करतात. अशा रुग्णांसाठी ते सर्वांत परिणामकारक औषध मानले जाते. मग ते सुरुवातीलाच का दिले जात नाही?

धोका कोणता?

१९७५ मध्ये फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या आणि संसर्गाने मृत्यू झाले. अनेक देशांत औषध मागे पडले. १९८८ मधील अमेरिकी अभ्यासात त्याची उपयुक्तता दिसली आणि पुढच्याच वर्षी रक्ततपासणीच्या अटीवर तेथे मान्यता मिळाली.

तपासणी कधी?

पेशी घटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. म्हणून तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर पंधरवड्याने आणि पुढे महिन्यातून एकदा होते.

घरच्यांनी काय पाहावे?

ताप आला, घसा दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्त तपासावे. सुरुवातीच्या आठवड्यांत छातीत दुखणे, धाप लागणे याकडेही दुर्लक्ष नको. झोप, लाळ, वाढते वजन लगेच लक्षात येते. बद्धकोष्ठता मात्र रुग्ण सांगत नाही. आतड्यांची हालचाल थांबल्यास ती जिवावर बेतू शकते. त्यामुळे शौचाला होते का, हे विचारायला संकोचू नये.

गोळी चुकली तर?

औषध मनाने बंद करू नये. दोन दिवसांहून अधिक खंड पडल्यास जुनी मात्रा परस्पर सुरू करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा हळूहळू वाढवावी लागते. सिगारेट अचानक सोडल्यासही रक्तातील औषधाचे प्रमाण वाढते, त्यामुळे तेही आधी डॉक्टरांना सांगावे.