जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपमधील इंजिनाचे अतितापन : कारणमीमांसा व निदानपद्धती

बीजशब्द : इंजिन, अतितापन, शीतलन व्यवस्था, रेडिएटर, थर्मोस्टॅट, निदान

प्रस्तावना

भारतात १९४७ साली महिंद्रा कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढील दशकांत विविध बनावटींच्या चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या जीपगाड्या शेती, वनविभाग, पाटबंधारे आणि शिक्षणसंस्था अशा सर्व क्षेत्रांत पोहोचल्या. सह्याद्रीच्या कच्च्या, चढणीच्या रस्त्यांवर आजही अशा जुन्या गाड्या वापरात आढळतात. या गाड्यांबाबत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'गाडी गरम होते' ही होय.

ही तक्रार गॅरेजमध्ये पोहोचली की बहुधा थर्मोस्टॅट काढून टाकला जातो, नंतर वॉटर पंप बदलला जातो आणि शेवटी रेडिएटरवर खर्च होतो. मात्र अतितापन हे लक्षण आहे, कारण नव्हे. ताप आलेल्या रुग्णाला वैद्य प्रथम 'ताप केव्हा येतो ?' असे विचारतो. इंजिनाच्या बाबतीतही हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) इंजिनाच्या शीतलन व्यवस्थेचे कार्य स्पष्ट करणे.
२) अतितापनाची वेळ व परिस्थिती यांवरून कारणाचे अनुमान कसे करावे, हे मांडणे.
३) प्रचलित गैरसमज आणि धोकादायक सवयी निदर्शनास आणणे.

शीतलन व्यवस्थेचे स्वरूप

इंधनातील ऊर्जेपैकी साधारणतः एक तृतीयांश ऊर्जाच उपयुक्त कार्यात रूपांतरित होते. उरलेली उष्णता धुरावाटे आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. वॉटर पंप हे पाणी इंजिनाच्या पोकळ्यांतून फिरवितो. इंजिन पुरेसे गरम झाल्यावर थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी रेडिएटरमध्ये जाते. तेथे ते बारीक नळ्यांतून उतरत असताना जाळीतून जाणारी हवा त्याची उष्णता काढून घेते. थंड झालेले पाणी खालच्या होज पाइपमधून पुन्हा पंपाकडे येते.

रेडिएटरचे झाकण हा या व्यवस्थेतील दुर्लक्षित परंतु महत्त्वाचा घटक आहे. ते व्यवस्थेत दाब टिकवून ठेवते आणि दाब वाढल्यास पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. दर चौरस सेंटिमीटरला ०.५ किलो दाब धरणारे झाकण असल्यास समुद्रसपाटीला पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाचे रबर झिजले की हा लाभ नाहीसा होतो. उंचीवर अडचण आणखी वाढते. सुमारे १,३७२ मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे उघड्या भांड्यातील पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळते. म्हणूनच सपाटीवर सुरळीत चालणारी गाडी घाटमाथ्यावर पोहोचताना उकळू शकते.

खडतर रस्त्यावर वेग कमी आणि इंजिनावरील भार अधिक असतो. समोरून आपोआप येणारी हवा जवळजवळ नसते व सर्व भिस्त फॅनवर राहते. जुन्या जीपमध्ये फॅन व पंप हे दोन्ही इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालत असल्याने वरच्या गिअरमध्ये रखडत चढण्यापेक्षा खालचा गिअर घेणे हितावह ठरते.

एक अनुभव

आमच्या महाविद्यालयाची एक जुनी डिझेल जीप राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी वापरली जात असे. एका हिवाळी शिबिराला जाताना घाटात तिचे पाणी उकळले. एका विद्यार्थ्याने उत्साहाने रेडिएटरचे झाकण उघडण्यास हात घातला. आमचे चालक, ज्यांना सर्व जण मामा म्हणतात, त्यांनी त्याचा हात वेळीच मागे ओढला म्हणून अनर्थ टळला.

त्यानंतरच्या अडीच महिन्यांत थर्मोस्टॅट काढला गेला, पंप बदलला गेला, रेडिएटर उघडून साफ झाला. तरीही गाडी गरम होतच राहिली. अखेर 'गाडी नीट चालविली जात नाही' असा ठपका मामांवर आला. याच काळात मी त्यांच्याशी सविस्तर बोललो, तेव्हा ते म्हणाले, "सर, उभी असली की गाडी कितीही वेळ चालू ठेवा, तापत नाही. चढावर रेस दिली की मगच काटा वर जातो. मी हे पहिल्या दिवसापासून सांगतोय."

या विधानातच निदानाची दिशा दडलेली होती. गाडी उभी असताना तापत नाही, याचा अर्थ त्या वेळी फॅनची हवा पुरेशी होती. फेऱ्या वाढल्यावरच तापते, म्हणजे त्या वेळी पाण्याचा प्रवाह कमी पडत असावा. बॉनेट उघडून एकाने रेस दिली आणि दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून खालच्या होज पाइपकडे पाहिले. फेऱ्या वाढताच तो पाइप आत ओढला जाऊन चपटा होत होता. हा पाइप पंपाच्या शोषणाच्या बाजूला असतो. तो मिटू नये यासाठी बसविलेली आतील स्प्रिंग गंजून नाहीशी झाली होती आणि रबर मऊ पडले होते. नवा पाइप व स्प्रिंग बसविल्यावर, तसेच काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटच्या जागी नवा बसविल्यावर गाडी तोच घाट विनातक्रार चढली. आधीच्या दुरुस्त्यांच्या मानाने हा खर्च किरकोळ होता.

परिस्थितीनुसार निदान

प्रथम गाडी खरोखरच तापते का, हे तपासावे. जुन्या गाड्यांतील विद्युत मापकाची तार घासून बॉडीला टेकल्यास काटा विनाकारण वर जातो. याउलट पाणी फार कमी झाले असल्यास संवेदक कोरडा राहतो आणि इंजिन तापलेले असूनही काटा खालीच दिसू शकतो. इन्फ्रारेड तापमापी उपलब्ध असल्यास वापरावा. मात्र चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवितो, म्हणून त्या जागी काळी टेप चिकटवून मोजमाप घ्यावे. यानंतर पुढीलप्रमाणे विचार करावा.

अ) उभी असताना किंवा मंद गतीत तापते, वेगात तापत नाही : हवेचा प्रवाह अपुरा आहे. जाळीत बसलेला चिखल, गवताचे बी, फॅनभोवतीचे काढून टाकलेले आवरण व फॅनची स्थिती तपासावी. जाळी आतील बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी.

आ) चढावर किंवा वेगात तापते, उभी असताना तापत नाही : पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता कमी आहे. खालचा होज पाइप, सैल फॅन बेल्ट, आतून बुजलेल्या नळ्या पाहाव्यात. चिकटलेले ब्रेक आणि डिझेल पंपाचे चुकलेले टायमिंग ही कारणेही येथे संभवतात.

इ) थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते : थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असावा किंवा व्यवस्थेत हवा कोंडली असावी. थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात तापमापीसह तापवून पाहावा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे.

ई) बाहेर गळती नसताना पाणी कमी होते : हेड गॅस्केटबाबत शंका घ्यावी. सुरू करताच वरचा होज पाइप टणक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, ऑइल दुधाळ होणे ही तिची चिन्हे होत. गॅरेजमधील एका चाचणीत रेडिएटरमधील वायू ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रवातून नेतात. ज्वलनवायूतील कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव आम्लधर्मी होऊन त्याचा रंग पालटतो.

तपासणी नेहमी बिनखर्चाच्या बाबींपासून सुरू करावी : पाण्याची पातळी, झाकण, बेल्ट, पाइप, जाळी. हेड उतरविण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा.

काही गैरसमज

थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन थंड राहते, हा सार्वत्रिक समज आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढल्यास ती कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वगळून पुन्हा इंजिनात जातो. शिवाय डिझेल इंजिन योग्य तापमानाला न पोहोचल्यास ज्वलन अपूर्ण राहते आणि सिलिंडरची झीज वाढते. 'पाणी वेगाने फिरले तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही' हे स्पष्टीकरणही ग्राह्य नाही, कारण प्रवाह वाढल्यास उष्णतेचे वहन सामान्यतः वाढतेच.

दुसरा गैरसमज विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याविषयी आहे. अशा जड पाण्यातील बायकार्बोनेट क्षार तापल्यावर विघटित होऊन पोकळ्यांत थर धरतात. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्व्हिन, तर क्षारांच्या थराची केवळ एक-दोन असते. म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट समप्रमाणात वापरावे. निव्वळ कूलंटही योग्य नव्हे, कारण त्याची उष्णता धारण करण्याची क्षमता पाण्याहून कमी असते. एथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंट गोडसर व विषारी असल्याने ते उघड्यावर ओतू नये.

सुरक्षिततेचे नियम

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच १०० अंशांहून अधिक तापलेल्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि पाण्याची वाफ झाल्यास तिचे आकारमान सुमारे १,६०० पट होते. अंगावर येणारा हा फवारा चेहरा व डोळे भाजतो. काटा वर जाऊ लागल्यास गाडी बाजूला घेऊन भार कमी करावा. पाणी शिल्लक असून फॅन फिरत असल्यास इंजिन काही क्षण मंद चालू ठेवता येते. वाफ येत असेल, पाणी गेले असेल किंवा काटा चढतच असेल तर ते त्वरित बंद करावे. वरचा होज पाइप हाताला थंड व मऊ लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, कारण त्यामुळे बिडाच्या हेडला तडा जाऊ शकतो.

निष्कर्ष

१) अतितापनाची वेळ व परिस्थिती हाच निदानाचा सर्वांत विश्वसनीय आणि बिनखर्चाचा पुरावा आहे.
२) मोजमाप व तपासणी न करता सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो, मूळ दोष मात्र तसाच राहतो.
३) थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नसून नव्या दोषाचे कारण ठरू शकते.
४) गाडी रोज हाताळणाऱ्या चालकाचे निरीक्षण ही प्राथमिक माहिती होय. तिची नोंद न घेता केलेले निदान अपुरे राहते.

शेवटचा मुद्दा केवळ यंत्रापुरता मर्यादित नाही. आमच्या जीपच्या बाबतीत योग्य उत्तर पहिल्या दिवसापासून उपलब्ध होते. प्रश्न मात्र अडीच महिन्यांनी विचारला गेला आणि तोवर दोषाचे ओझे निष्कारण मामांना वाहावे लागले. आज त्या गाडीच्या लॉगबुकात 'केव्हा तापली ?' असा एक स्वतंत्र रकाना आहे आणि तो मामा स्वतः भरतात.