वन्यप्राण्यांना साद घालण्याची साधने

वन्य पशुपक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करून अथवा त्यांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून त्यांना जवळ आणणाऱ्या उपकरणांचा या लेखात विचार केला आहे. अशा उपकरणांना मराठीत एकच रूढ शब्द नाही. ती घडवणाऱ्या जमातींनी त्यांना नावे दिली असतील, परंतु आपल्या कोशांपर्यंत ती पोहोचलेली दिसत नाहीत. उत्तर अमेरिकेत ही साधने वापिटी या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठीही विकली जातात. महाराष्ट्रात फासेपारधी समाजाने तितर-लावे पकडण्यासाठी हीच विद्या तोंडाच्या आणि पिंजऱ्यातील पक्ष्याच्या साहाय्याने जोपासली. आज मुंबई उपनगरात, विशेषतः संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या कांदिवली-बोरिवली परिसरात, भ्रमणध्वनी आणि खिशात मावणारा ध्वनिवर्धक यांनी तिचे नवे रूप घेतले आहे.

तत्त्व

साद दोन कारणांनी ऐकली जाते. विणीच्या हंगामात नराला प्रतिस्पर्धी नराचा आवाज आव्हानासारखा वाटतो आणि मादीचा आवाज आमंत्रणासारखा. तिसऱ्या प्रकारचा आवाज म्हणजे धोक्याचा इशारा. तो ऐकून प्राणी जवळ येत नाही, सावध होतो किंवा पळतो. नवशिके नेमके येथेच चुकतात. आपल्याकडील सांबराचा सर्वाधिक परिचित आवाज म्हणजे ‘ढांक’ असा मोठा, एकाक्षरी धोक्याचा इशारा. त्याची कितीही हुबेहूब नक्कल केली तरी सांबर येणार नाही. आकाराने वापिटीच्या जवळ जाणारे हरीण आपल्या रानात असूनही येथे वापिटीसारखी तुतारी का निर्माण झाली नाही, याचे एक उत्तर यात आहे. त्या दृष्टीने वापिटीचा खरा भारतीय नातलग काश्मीरचा हंगुल होय. दाचीगामच्या रानात शरद ऋतूत त्याच्या नरांच्या डरकाळ्या ऐकू येतात.

वापिटीसाठीची साधने

‘एल्क’ हा शब्द फसवा आहे. युरोपात तो मूस या प्राण्यासाठी वापरतात, तर अमेरिकेत वापिटीसाठी. ‘वापिटी’ हे नाव शॉनी या मूलनिवासी भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘पांढऱ्या पुठ्ठ्याचा’ असा आहे. मूसला बोलावण्यासाठी कॅनडातील मूलनिवासी भूर्जवृक्षाच्या सालीचा कर्णा करीत. वापिटीसाठी आज प्रामुख्याने पुढील साधने प्रचारात आहेत.

पहिले साधन टाळूला चिकटवून ठेवायची पातळ पडद्याची चकती. तिच्या लहानशा चौकटीत रबराचा पडदा ताणलेला असतो. जीभ दाबून हवा सोडली की पडदा थरथरतो. एकपदरी पडदा कमी दाबात वाजतो, म्हणून शिकणाऱ्याने तोच घ्यावा. अनेक पदरांचा पडदा भारदस्त नराचा आवाज देतो, पण त्याला दमही तितकाच लागतो. या साधनाचा मोठा लाभ म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि धनुष्याने शिकार करणाऱ्याला ते आवश्यकच असते. मात्र चकती तोंडात ठेवताच अनेकांना उमासे येतात. अशांनी दातांत धरून फुंकायचे साधन किंवा उघड्या जिव्हाळीची शिट्टी निवडावी. (‘जिव्हाळी’ म्हणजे सनईत असते तशी कंप पावणारी पट्टी. येथे हाच शब्द मला योग्य वाटतो.) दुसरे साधन पोकळ नळी. तिला स्वतःचा आवाज नसतो, चकतीतून निघालेला स्वर ती घुमवते. नराची साद खालच्या स्वरात सुरू होते, चढत जाऊन तीक्ष्ण शिळेला पोहोचते आणि शेवटी तुटक हुंकारांत विरते. मादीचा आवाज म्याव-सदृश, लहान आणि मऊ असतो.

साधन घेण्यापेक्षा ते केव्हा वाजवू नये हे कळणे अधिक कठीण आहे. कळप राखणाऱ्या नराला फार जवळून आव्हान दिले तर तो लढायला येण्याऐवजी पुष्कळदा माद्यांना हाकून दूर निघून जातो. जेथे शिकाऱ्यांची वर्दळ अधिक तेथे मादीचा मऊ आवाजच उपयोगी पडतो. येणारा नर वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घेऊन वास घेतो, म्हणून साद घालणारा माणूस शिकाऱ्याच्या बराच मागे बसतो. नराचे लक्ष आवाजाकडे राहते आणि शिकारी वाटेत असतो. रबरी पडदा उन्हाने लवकर खराब होतो, तेव्हा वापरानंतर तो धुऊन, कोरडा करून सावलीत ठेवावा.

भारतातील परंपरा

कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मृगयेचे स्वतंत्र प्रकरण असून शिकवलेल्या हरणाच्या साहाय्याने रानटी हरिण पकडण्याचा प्रकार त्यात येतो. ‘ऐन-इ-अकबरी’त पाळीव हरणाच्या शिंगांना जाळे बांधून ते रानटी नराशी झुंजायला सोडल्याचे वर्णन आहे. येथे साधन निर्जीव नव्हते, आव्हान देणारा प्राणीच साधन होता.

फासेपारध्यांची रीत याच जातीची. राखी तितराचा नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज सहन करीत नाही. पिंजऱ्यातील पाळीव तितर बोलू लागला की रानातील तितर त्याच्यावर चालून येतो आणि पिंजऱ्याभोवती मांडलेल्या फाशांत त्याचे पाय अडकतात. पाळीव पक्षी जवळ नसेल तर पारधी स्वतः आवाज काढतो. शिकवलेल्या गाईच्या आडून पक्ष्यांजवळ सरकणारे ते गायपारधी आणि चित्ता बाळगणारे ते चित्तापारधी, अशी नावे साधनांवरूनच पडली. ‘पारध’ शब्दाचे मूळ संस्कृत ‘पापर्द्धि’, म्हणजे पापाची वृद्धी, असे सांगतात. व्यवसायाच्या नावातच निवाडा दडलेला असावा, हे या समाजाच्या पुढील इतिहासाकडे पाहता खटकते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत पारधीही अडकले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु संशय गेला नाही.

तोंडाने घातलेल्या सादेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कुमाऊंतील आहे. नोव्हेंबर १९३८च्या अखेरीस जिम कॉर्बेट यांनी ठाकच्या नरभक्षक वाघिणीच्या आवाजाला नराच्या आवाजाने उत्तर देत तिला जवळ आणले आणि दिवसाचा उजेड संपता संपता तिला मारले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्या रानात बिबटे आहेत तेथे हा प्रयोग कोणी करू नये, हे वेगळे सांगायला हवे असे नाही.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर बंदी असून १९९१च्या दुरुस्तीने छंदाच्या शिकारीचे परवानेही संपुष्टात आले. अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, फास लावणे, हाकणे, आमिष दाखवणे, तसा प्रयत्न करणे, इतकेच काय पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हेही त्यात येते. कलम २७ अभयारण्यात वन्यप्राण्यांना सतावण्यास मनाई करते आणि ते राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. ध्वनिमुद्रित सादेचा नामोल्लेख मात्र या तरतुदींत नाही. याउलट युरोपीय संघाच्या पक्षीविषयक निर्देशात पक्षी पकडण्याच्या निषिद्ध साधनांत ध्वनिमुद्रक यंत्राचे नाव आहे, आणि अमेरिकेत स्थलांतरित शिकारपक्ष्यांसाठी मुद्रित आवाज सर्वसाधारणपणे वर्ज्य आहे.

या कायद्याने तितर वाचले, पण पारध्याची विद्या निरुपयोगी ठरली. अकोला-वाशीम भागातील काही फासेपारध्यांनी तीच जाण माळरानावरील पक्ष्यांच्या रक्षणासाठी वापरली आहे. तशा संधी मात्र थोड्याच.

संशोधनातील आणि छायाचित्रणातील उपयोग

रानपिंगळा हा छोटा घुबड १८८४नंतर शतकाहून अधिक काळ नोंदला गेला नव्हता. १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि २०१४ साली मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा परिसरातही आढळला. अशा लपून राहणाऱ्या पक्ष्यांची गणना करताना अभ्यासक थोडा वेळ साद ऐकवून प्रतिसाद टिपतात. परवानगी, ठरलेली वेळ आणि नोंद या तिन्ही गोष्टी येथे असतात.

कांदिवली पूर्वेला ठाकूर संकुल, लोखंडवाला, दामूनगर या वस्त्यांपलीकडे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान सुरू होते. पोईसर नदी तिथूनच उगम पावून कांदिवलीत उतरते. पावसाळ्याच्या तोंडावर या रानात नवरंग येतो. त्याची दोन स्वरांची शीळ सहज ओळखू येते आणि तितकीच सहज भ्रमणध्वनीवर मिळते. ती वाजवली की नर प्रतिस्पर्धी शोधत उघड्या फांदीवर येतो व छायाचित्र मिळते. नवरंगाच्या लेखी मात्र तो शत्रू खरा असतो. न दिसणाऱ्या शत्रूशी भांडण्यात त्याचा चरण्याचा वेळ जातो, घरटे राखणीविना राहते, आणि सुटीच्या दिवशी एकामागून एक येणारे दहा जण प्रत्येकी ‘एकदाच’ वाजवतात. भेकर किंवा चितळाचा धोक्याचा इशारा वाजवणे त्याहून वाईट, कारण त्यावरूनच रानातील इतर प्राणी आणि वाटेने जाणारे पाड्यावरचे लोक बिबट्याचा अंदाज घेतात.

अभ्यासासाठी परवानगी असेल तेव्हाही आवाज पक्ष्याच्या नैसर्गिक सादेहून मोठा नसावा, क्षणभर ऐकवून बराच वेळ थांबावे आणि घरट्याच्या आसपास तो मुळीच वाजवू नये. पक्षी गाणे थांबवून डोक्यावरून इकडून तिकडे अस्वस्थपणे उडू लागला की यंत्र बंद करून तेथून निघावे.