संशयकल्लोळाचे इंग्रजी माहेर

शापोरा नदी समुद्राला मिळते, तिच्या उत्तरेस पेडणे तालुक्यातील मोरजी हे गाव वसलेले आहे. अलीकडे त्याच्या किनाऱ्यावर देशोदेशींचे प्रवासी उतरतात आणि कामचलाऊ इंग्रजी गावातील पोराटोरांच्याही जिभेवर खेळते. पण याच गावातील एखादा विद्यार्थी शिवोलीचा पूल ओलांडून म्हापशास किंवा पणजीस जातो, इंग्रजी वाङ्मय हा विषय घेतो आणि पुढे ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात एम्. ए.च्या वर्गात बसतो, तेव्हा ते किनाऱ्यावरचे इंग्रजी त्याच्या फारसे कामी येत नाही. शेक्सपिअरपर्यंत त्याचे बरे चाललेले असते. वर्डस्वर्थ आणि कीट्सही त्याला जवळचे वाटतात. या दोन टोकांच्या मधला, १६६० पासून सुमारे १८०० पर्यंतचा जो कालखंड, तेथे मात्र त्याचे पाऊल अडखळते. केसांचे टोप घातलेले उमराव, लंडनची कॉफीगृहे, कोणा विस्मृत मंत्र्याची दोन दोन ओळींत उडविलेली रेवडी, यांच्याशी आपला काय संबंध, असे त्याला वाटते. मग बाजारातली मार्गदर्शिका येते, प्रश्नोत्तरे पाठ होतात, गुणही पडतात. त्यातही तो मराठी शाळेतून आलेला असला, तर आपले मराठी हेच या वाटेवरचे ओझे आहे, अशी त्याची समजूत होऊन बसते. ही समजूत खरी नाही.

‘रेस्टोरेशन’ म्हणजे राजसत्तेची पुनःस्थापना. १६४९ मध्ये इंग्लंडच्या प्रजेने आपल्या राजाचा शिरच्छेद केला. १६६० मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स फ्रान्स व नेदरलंड्समधील वनवास संपवून परत आला. या राजाने पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाह केला आणि १६६१ च्या तहानुसार मुंबई बेट त्याला आंदण मिळाले. गोमंतकीय विद्यार्थ्याला हा राजा अगदीच अनोळखी म्हणता येणार नाही. याच राजाच्या दरबारी कवीने, म्हणजे ड्रायडनने, १६७५ मध्ये औरंगजेबावर एक शोकनाट्य रंगभूमीवर आणले. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते आणि नाटकाचा नायक दिल्लीच्या तख्तावर जिवंत होता! लंडनच्या प्रेक्षकांनी पाहिलेला हा औरंगजेब आज्ञाधारक पुत्र आणि एकनिष्ठ प्रियकर आहे. मराठी वाचकाला हसू आल्यावाचून राहणार नाही. परंतु त्या काळचे ‘वीरनाट्य’ इतिहासाशी कसे वागत असे, हे त्या हसण्यातून जितके उमगते तितके दहा पाने टिपणे वाचून उमगत नाही.

या काळाचा खरा दरवाजा मात्र रंगभूमीचाच आहे, आणि तो गोव्यातल्या विद्यार्थ्यासाठी पूर्वीच उघडलेला आहे. देवळाच्या जत्रेला, उत्सवाला गावच्या मंडळींनी मराठी नाटक करावे ही गोव्यातील जुनी रीत. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ पाहिले नाही, निदान त्यातली पदे ऐकली नाहीत, असे घर तेथे शोधावे लागेल. हे नाटक मुळात आर्थर मर्फी या लेखकाच्या ‘ऑल इन द राँग’ या प्रहसनावरून घेतलेले आहे. ते १७६१ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झाले. मर्फीने आपले बीज मोलिएरच्या एका छोट्या प्रहसनातून उचलले होते, आणि ते पॅरिसला झाले नेमके १६६० मध्ये. म्हणजे माहेर इंग्रजी आणि आजोळ फ्रेंच. देवलांनी १८९३ मध्ये ते ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्यात उतरविले, पुढे त्यात पदे घातली, आणि ‘संशयकल्लोळ’ या नावाने गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी निवर्तले होते; आपल्या नाटकाचे हे संगीत रूप पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आता दोन्ही नाटके शेजारी ठेवून वाचावीत. मर्फीच्या नाटकात भर रस्त्यात एका तरुणीला घेरी येते, सर जॉन तिला सावरतो आणि त्याची बायको ते खिडकीतून पाहते. ती तरातरा खाली येते तो दोघेही निघून गेलेली असतात; तिच्या हाती लागते त्या तरुणीच्या प्रियकराची, खाली पडलेली तसबीर. ती तसबीर न्याहाळत असताना नवरा येतो आणि संशयाचे दुसरे चाक फिरू लागते. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांना ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला येथे कोणत्याही टीपेची गरज नाही. मर्फीच्या संशयी दांपत्याचे आडनावच ‘रेस्टलेस’, म्हणजे अस्वस्थ, असे आहे. पात्राचा स्वभाव त्याच्या नावातच सांगून टाकायचा ही त्या काळच्या इंग्रजी नाटकाची रूढी. देवलांनी ती मोडून सगळी नावे पंचांगातून घेतली, आणि प्रेमिकांची जोडी जमविताना अश्विनी व रेवती ही लागून येणारी नक्षत्रे निवडली, हे त्यांचे खास मिस्कील कसब.

एक प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे. संशयी नवऱ्याची टिंगल हा रेस्टोरेशन काळातील प्रहसनांचा आवडता विषय. मग देवलांनी त्या काळाचे नाटक का घेतले नाही? १६७५ च्या सुमारास विचर्लीने ‘द कंट्री वाइफ’ लिहिले. त्यातला पिंचवाइफ बायकोला कोंडून ठेवतो, आणि त्याचा संशय शेवटी खराच ठरतो. प्रेक्षक हसतात ते फसलेल्या नवऱ्याला. पुढे १६९८ मध्ये जेरेमी कॉलिअर या धर्मोपदेशकाने रंगभूमीच्या या स्वैरपणावर कडक हल्ला चढविला. व्यापारी, सुखवस्तू कुटुंबे नाटकाला येऊ लागली आणि प्रेक्षागृहाची हवा बदलली. मर्फीच्या नाटकाच्या नावातच हा बदल आहे : ‘सर्वांचीच चूक’. येथे बायको निर्दोष, नवरा निर्दोष, दोषी एकटा संशय. सहकुटुंब नाटकाला येणाऱ्या मराठी गृहस्थाला हेच रुचणारे होते. रेस्टोरेशन आणि अठरावे शतक यांच्यात नेमके काय बदलले, हा परीक्षेत हटकून येणारा प्रश्न एका संशयी नवऱ्याच्या गोष्टीतून असा उलगडतो.

देवलांनी केलेला आणखी एक फेरफार गोमंतकीय वाचकाने विसरू नये. मर्फीची बेलिंडा प्रतिष्ठित घरातली मुलगी आहे; तिच्या लग्नात अडचण आहे ती फक्त बापाच्या मर्जीची. देवलांची रेवती नायकिणीच्या घरातली आहे, आणि अश्विनशेठ तिच्याशी रीतसर लग्न करू पाहतो. हसण्याखिदळण्याच्या नाटकात ‘शारदा’कारांनी हा केवढा प्रश्न अलगद आणून ठेवला! ज्या प्रदेशातील कलावंत घराण्यांनी गाणे आणि रंगभूमी जगविली, आणि त्याबद्दल समाजाकडून पिढ्यान्‌पिढ्या अवहेलनाच सोसली, तेथे रेवतीचे लग्न हा निव्वळ घोटाळ्याचा शेवट उरत नाही. ‘अठराव्या शतकाचे वाङ्मय कृत्रिम आहे’ असे ठरीव वाक्य लिहिण्याआधी विद्यार्थ्याने एवढे पाहावे की, त्या सांगाड्यात दुसऱ्या देशाच्या माणसाला आपले दुःख ठेवण्यास जागा सापडली.

काव्याचे दालन अधिक अवघड. पोपच्या दोन दोन ओळींच्या घट्ट, यमकबद्ध जोड्या प्रथम यांत्रिक वाटतात. त्यांना भावनेच्या तराजूत तोलू नये. मोरोपंतांच्या आर्या जशा वाचाव्या लागतात तशा त्या वाचाव्या. मोरोपंतांचा काळ १७२९ ते १७९४, म्हणजे ते जॉन्सनचे जवळजवळ समकालीन. विद्वत्ता, शब्दांची घासाघीस, यमकाची हौस, आणि पुढच्या पिढीने केलेली ‘हे कवीच नव्हेत’ अशी संभावना, हे सारे दोघांच्याही वाट्याला आले. ज्याला आर्येचा तोल कानाने कळतो त्याला पोपचा तोल कळण्यास वेळ लागत नाही. तालुक्यातल्या तालुक्यात, विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे ते संतकवी सोहिरोबानाथ आंबिये १७१४ मध्ये जन्मले. पोपचे ‘द रेप ऑफ द लॉक’ पूर्ण पाच सर्गांत प्रसिद्ध झाले तेही १७१४ मध्येच. दोघांत साम्य काडीचे नाही, पण शतक एकच.

गद्याबद्दल फार सांगावयास नको. बनियनचे ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ हरि केशवजींनी १८४१ मध्येच ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणले होते. जॉन्सनचे ‘रासेलस’ कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी भाषांतरास घेतले व त्यांच्या चिरंजीवांनी तडीस नेले. त्याच विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’त जॉन्सनचे विस्तृत चरित्रही लिहिले. मात्र एक सावधगिरी हवी. या काळातील ओळखीचे शब्दच दगा देतात : ‘विट’ म्हणजे केवळ विनोद नव्हे, बुद्धीची चपळाई, ‘कँडर’ म्हणजे तेव्हा परखडपणा नव्हे, मनाचा गोडवा. आणि स्विफ्टने १७२९ मध्ये आयर्लंडच्या गरिबांची मुले श्रीमंतांनी खावीत अशी गंभीर चेहऱ्याने केलेली सूचना ज्याने सरळ अर्थाने वाचली, त्याचा पेपर गेलाच म्हणून समजावे. आपल्या साहित्यशास्त्रात व्याजस्तुती आहे. तिचे बोट धरून स्विफ्टपर्यंत पोहोचता येते.

१७८८ मध्ये पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला. त्याच वर्षी लंडनमध्ये वॉरन हेस्टिंग्जवरील खटला उभा राहिला होता, आणि अवधच्या बेगमांवर झालेल्या जुलुमाबद्दल दिवसचे दिवस बोलत होता तो ‘द स्कूल फॉर स्कँडल’चा कर्ता शेरिडन.