इमारतीचे लाख आणि ग्रंथपालाचे ६६ रुपये

दिवसाला ६६ रुपये. राज्य शासनाच्या २०२२ च्या दरांनुसार ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात वेतनाच्या वाट्याला एवढी रक्कम येते. वर्षाचे परिरक्षण अनुदान ४८,००० रुपये आणि त्यातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे महिन्याला २,०००. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटमध्ये नवे ग्रंथालय आणि त्याला जोडून सभागृह उभारायचे असेल, तर हिशेब इथून मांडावा लागतो. नव्या ग्रंथालयाची सुरुवात बहुधा ‘ड’ वर्गातूनच होते.

२०११ च्या जनगणनेत किनवट शहराची लोकसंख्या २८,४५४ होती. ४८,००० रुपयांना तिने भागले, तर माणशी वर्षाला १ रुपया ६९ पैसे पडतात. तालुक्याच्या ठिकाणच्या ‘अ’ वर्गाच्या (तालुका ‘अ’) ग्रंथालयाला याच दरांनुसार ६,१४,४०० रुपये मिळतात. त्या दराने माणशी २१ रुपये ५९ पैसे. शहर तेच, वाचक तेच, फरक जवळपास १३ पटींचा.

अनुदानातली २०२२ ची वाढ ६० टक्क्यांची होती. त्याआधीची वाढ २०१२ ची, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४.८ टक्के. टक्केवारी सर्व वर्गांना सारखीच मिळाली, रुपये नाहीत. ‘ड’ वर्गाचे अनुदान ३०,००० वरून ४८,००० झाले, जिल्हा ‘अ’ वर्गाचे ७,२०,००० वरून ११,५२,०००. दोन्ही टोकांमधले अंतर ६.९० लाखांवरून ११.०४ लाखांवर गेले.

इमारतीचे गणित वेगळे आहे. आमदाराचा आणि खासदाराचा स्थानिक विकास निधी प्रत्येकी वर्षाला ५ कोटी रुपये आहे आणि ग्रंथालयाची इमारत व सभागृह ही कामे त्यात बसतात. किनवट नांदेड जिल्ह्यात असले, तरी लोकसभेसाठी हिंगोली मतदारसंघात येते. खासदार निधीचा प्रस्ताव हिंगोलीच्या खासदारांकडे द्यावा लागतो. या निधीतला ७.५ टक्के भाग अनुसूचित जमातींच्या वस्तीच्या भागांसाठी असतो: मतदारसंघात वर्षाला ३७.५ लाख. या रकमेत ‘ड’ वर्गाचे ७८ वर्षांचे अनुदान भागते. मात्र खासदार निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे. पगार, वीजबिल किंवा वर्तमानपत्रांचे बिल त्यातून देता येत नाही.

रोजच्या खर्चाचा एक मार्ग शेजारी दिसतो. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यात, आजच्या तेलंगणात, मालमत्ता करावर ८ टक्के ग्रंथालय उपकर आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात असा उपकर नाही आणि नगरपरिषदेसाठी ग्रंथालय हे ऐच्छिक काम आहे. ८ टक्के दर धरला, तर ६ लाखांच्या करवसुलीवर ४८,००० रुपये जमतात. तालुका ‘अ’ इतकी रक्कम जमायला ७६.८ लाखांची वसुली लागते.

उपकरासाठी कायदा बदलावा लागेल. सभागृहाच्या भाड्यासाठी तशी गरज नाही. महिन्यात १० दिवस, दिवसाला १,००० रुपये भाडे धरले, तर वर्षाला १.२० लाख येतात: ‘ड’ अनुदानाच्या अडीच पट. ही रक्कम ग्रंथालयाकडेच राहिली, तर ग्रंथपालाचे महिन्याचे २,००० रुपये १२,००० होतात. त्यासाठी भाडे ग्रंथालयाच्या खात्यात जमा होईल, हा ठराव पायाभरणीआधी व्हायला हवा. इमारत एकदाच बांधायची असते. कुलूप रोज उघडावे लागते.