फिश टँकमधल्या रोपांना उजेड किती पुरे?

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की अनेक घरांत मुलांचा एकच हट्ट असतो, फिश टँक आणायचा. काच, खडी, फिल्टर आणि मासे इथवरचा खर्च अब्बा कसाबसा मान्य करतात. मग दुकानदार सांगतो, खरी रोपं लावायची असतील तर खास लाइट घ्यावी लागेल. तिची किंमत ऐकून बहुतेक घरं प्लॅस्टिकच्या रोपांवर समाधान मानतात. काही जण ती महाग लाइट घेतातही. पण महिनाभरात काचा शेवाळाने हिरव्या होतात, मुलांचा उत्साह मावळतो आणि टँक माळ्यावर जातो. साध्या टँकसाठी या खर्चाची गरज नसते.

जास्त उजेडाने बिघडतं काय?

विज्ञानाच्या पुस्तकात हायड्रिलाचा प्रयोग मुलांनी वाचलेला असतो. पाण्यातली वनस्पती उजेडात कार्बन डायऑक्साइड वापरून अन्न तयार करते आणि प्राणवायूचे बुडबुडे सोडते. घरच्या टँकमध्ये हा कार्बन डायऑक्साइड मुख्यतः माशांच्या श्वासातून, कुजणाऱ्या कचऱ्यातून आणि हवेतून मिळतो, म्हणजे बेताचाच. हौशी लोक तो सिलिंडरमधून वेगळा देतात. त्यांना तीव्र उजेड लागतो. आपल्या टँकमध्ये तितका उजेड पाडला, तर रोपं तो वापरू शकत नाहीत. फायदा होतो तो शेवाळाचा.

विकत काय घ्यावं?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक धरू. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर त्यात सुमारे ५० लिटर पाणी मावतं. सावलीत वाढणाऱ्या रोपांना लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन उजेड पुरतो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे एकूण ७५० ते १२५० ल्युमेन. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दोन फुटी, १० वॅटची एलईडी ट्यूब साधारण १००० ल्युमेन देते आणि दोनशे-तीनशे रुपयांत येते. खोक्यावर वॅटबरोबर ल्युमेनचा आकडाही वाचा. रंगासाठी ‘६५०० केल्विन’ किंवा ‘कूल डे लाइट’ असं लिहिलेली पांढरी ट्यूब घ्या. नुसता निळा किंवा रंग बदलणारा दिवा शोभेचा असतो. रोपांसाठी त्याच्यावर विसंबू नये. टँक दीड फूट खोल असेल, तर तळाशी उजेड कमी पोहोचतो, हेही लक्षात असू द्या.

रोपं उजेडाच्या मापाची

अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरीन आणि व्हॅलिस्नेरिया ही रोपं एवढ्या उजेडात तग धरतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत आणि इतर शहरांतल्या माशांच्या दुकानांतही ती मिळतात. अनुबियास आणि जावा फर्नचं जाड आडवं खोड खडीत पुरू नका, कुजतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. क्रिप्टोकोरीनची पानं नव्या टँकमध्ये कधी कधी विरघळून जातात. रोप मेलं समजून फेकू नका. मुळं शाबूत असली तर नवी पानं फुटतात.

वेळ ठरवून द्या

पहिला महिना रोज ६ तास आणि पुढे ७ ते ८ तास, याहून जास्त उजेड देऊ नये. मुलं घरी असतात ती वेळ निवडा; दुपारी तीन ते रात्री दहा चालेल. इशानंतर घर शांत झालं की टँकही अंधारात राहू द्या. माशांना पापण्या नसतात, विश्रांतीसाठी त्यांना अंधार हवा असतो. बटण विसरण्याची सवय असेल तर टायमर असलेलं सॉकेट घ्या. काचेवर शेवाळ वाढू लागलं तर रोजचा एक तास कमी करून दोन आठवडे वाट पाहा. माशांना दाणे कमी टाका आणि दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. टँक उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. शेवाळ वाढतं आणि उन्हाळ्यात पाणी तापतं. १० वॅटची ट्यूब रोज ७ तास चालली तरी महिन्याला जेमतेम २ युनिट वीज लागते.

आधी सुरक्षितता

घरगुती ट्यूबला पाणी सोसत नाही. म्हणून टँकवर काचेचं झाकण ठेवा, ट्यूब त्याच्या वर पक्की बसवा आणि झाकणावरचे क्षाराचे डाग दर आठवड्याला पुसा. वायर सॉकेटपर्यंत नेताना तिला प्लगच्या खाली उतरेल असा झोळ द्या. ओघळलेलं पाणी तिथून खाली टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढायचे, हा नियम घरातल्या लहानग्यालाही पाठ हवा.

लाइटवर वाचलेले पैसे चांगल्या फिल्टरवर किंवा थोड्या मोठ्या टँकवर खर्च करा, माशांना त्याचा उपयोग जास्त. आणि मुलांना एक वही द्या. कोणत्या तारखेला नवं पान आलं, कधी किती तास लाइट चालली, हे त्यांनीच लिहावं. ही रोपं सावकाश वाढतात. तेवढा धीर धरायलाही मुलं त्यातून शिकतील.