नकाशातली चूक कोणी शोधायची?

आमच्या गावच्या डोंगराच्या पायथ्याशी एक झरा आहे. मे महिन्यात वाड्यावरच्या विहिरी तळ गाठतात तेव्हाही त्याची मनगटाएवढी धार चालू असते. त्याच पाण्यावर खालची कुळागरे उभी आहेत आणि त्यांच्याही खाली वायंगणाची शेते. २००८ साली मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. त्या वर्षाच्या अखेरीस पंचायतीत गावाचा एक भला मोठा नकाशा आला. त्यात हा झरा नव्हता.

आमच्या प्रभागाचा पंच माझा जुना विद्यार्थी. तो घरी आला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला गावातला बांध न् बांध ठाऊक. आमच्याबरोबर फिराल का?" सलग चार रविवार आम्ही सात-आठ जण सर्व्हे नंबरांचा कागद हातात धरून पायी फिरलो. झरा, दोन तळी, देवराई, पावसाळी व्हाळ असे जे जे सुटले होते ते पेन्सिलीने भरत गेलो. एक उलटी चूकही सापडली. पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहत आलेला एक अख्खा वाडा नकाशात बागायत म्हणून रंगवलेला होता. तिथल्या कुणाला पडवी वाढवायची म्हटली तरी परवाना मिळाला नसता. दोन्ही प्रकारच्या चुका आम्ही एका कागदावर लिहिल्या, ग्रामसभेत मोठ्याने वाचल्या, सह्या घेतल्या आणि कागद पणजीला पाठवला.

हे सगळे सांगण्याचे कारण म्हणजे नकाशातली चूक दुरुस्त करण्याची ती एक रीत होती. पंधरा वर्षांनी दुसरी रीत पाहिली.

गोव्यात १९७४ चा नगर व ग्रामनियोजन कायदा आहे. शहरांसाठी बाह्य विकास आराखडे असतात आणि साऱ्या राज्यासाठी प्रादेशिक आराखडा. उणेपुरे ३,७०२ चौरस किलोमीटरचे राज्य. त्यातली कोणती जमीन शेती, कोणती बागायत, कुठे घरे, कुठे कारखाने, हे त्या आराखड्यातल्या रंगावरून ठरते. बागायतीचा रंग जाऊन सेटलमेंटचा, म्हणजे घरे बांधायला मोकळ्या जमिनीचा, रंग आला की त्याच मातीचा भाव कित्येक पटीने चढतो. जमिनीत काही पेरले नाही, काही बांधले नाही, मालकाने घामाचा थेंब गाळला नाही, तरी. म्हणून नगरनियोजन खात्यातला रंगाचा एक फटकारा कुणाला तरी कोट्यधीश करू शकतो आणि म्हणूनच तो फटकारा कुणाच्या सांगण्यावरून मारला हे लोकांना कळले पाहिजे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला तेव्हा लोक नेमके यासाठीच रस्त्यावर उतरले. डोंगर, शेते, खाजने यांवर सेटलमेंटचे ठिपके कुठून उमटले, ते कोणी मागितले, असे प्रश्न होते आणि उत्तर देणारे कोणी नव्हते. वास्तुविशारद, डॉक्टर, शेतकरी, पाद्री, शिक्षक असे सगळे गोवा बचाव अभियानात एकत्र आले. डिसेंबरात पणजीच्या आझाद मैदानावर सभा झाली. मीही गेले होते. शेजारी बसलेली काणकोणची बाई तिच्या गावचा नकाशा घडी घालून पदराआड सांभाळत होती. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला.

पुढचा आराखडा करण्यासाठी कृती दल नेमले गेले आणि चार्ल्स कोरिया त्यात आले. मूळ गोव्याच्या घराण्यातले हे वास्तुविशारद महाराष्ट्राला नवी मुंबईच्या कल्पनेमुळे ठाऊक आहेत. प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर १९६० च्या दशकात त्यांनी ती मांडली होती. या दलाने मसुदा पणजीत ठेवून लोकांना तिकडे बोलावले नाही, तर नकाशेच पंचायतींकडे धाडले. आमचे चार रविवार त्यातूनच आले. आराखडा निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. कितीतरी गावांनी पाठवलेल्या सूचना वाटेतच गळाल्या अशा तक्रारी झाल्या आणि २०१२ मध्ये नव्या सरकारने तो स्थगितही ठेवला. पण आमचा झरा त्या कागदावर आला होता आणि तो कसा आला हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होते.

मग कायद्यात एकेक कलम शिरू लागले. २०१८ मध्ये १६ ब आले. जमीनमालकाने अर्ज करायचा आणि आपल्यापुरता झोन बदलून मागायचा. त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. २०२३ मध्ये कलम १७ (२) आले. त्याची भाषा फार सोज्वळ आहे. आराखड्यात अनवधानाने झालेल्या चुका किंवा विसंगत झोनिंग असेल तर सरकारने ते दुरुस्त करावे, एवढेच त्यात म्हटले आहे. याला कोण नाही म्हणेल? आमच्या त्या बागायतीत पडलेल्या वाड्यासारखी उदाहरणे गावोगाव आहेत. परंतु या कलमाखालचे नियम असे केले गेले की चूक दाखवायची मालकाने, तपासायची खात्याने, दुरुस्तीची अधिसूचना काढायची सरकारने. गावाला हरकत घेण्याची संधीच नाही.

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या डोंगरावर जेसीबी चढला. झऱ्याच्या वरच्याच उतारावर. पंचायतीत विचारले तर तिथल्यांनाही काही कळलेले नव्हते. त्या भागाचा सर्व्हे नंबर घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले. तिथे या टेबलावरून त्या टेबलावर तीन फेऱ्या झाल्या. शेवटी दहा रुपयांचे शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज दिला, दोन रुपये पानाप्रमाणे प्रती घेतल्या. हातात आले ते असे: बागायत होती, सेटलमेंट झाली, कारण, अनवधानाने झालेली चूक.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या उतारावर आम्ही स्वतः चालत जाऊन, झऱ्याचे उगमक्षेत्र म्हणून पेन्सिलीने खूण केली, ग्रामसभेत वाचून दाखवली, ती खूण चूक ठरली होती आणि हे ठरवताना खूण करणाऱ्या माणसांपैकी एकालाही कुणी विचारले नव्हते. चाळीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासल्या. चूक असली तर ज्याची वही त्याला दाखवून, समासात खूण करून सांगायची, हा साधा नियम. इथे वही साऱ्या गावाची होती.

गोवा फाऊंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटी या प्रश्नावर उच्च न्यायालयात गेल्या. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७ (२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. दुरुस्तीच्या नावाखाली एकेका भूखंडापुरता आराखडा बदलत जाता येणार नाही, कलमाचा अर्थ मर्यादितच घ्यावा लागेल, असा त्या निकालाचा गाभा आहे. आमच्या उतारावरचे काम सध्या थांबले आहे. कापलेली तांबडी माती पहिल्या पावसात खाली आली आणि झऱ्याचे पाणी आठवडाभर गढूळ राहिले.

मालकाने आपल्या जमिनीचा झोन बदलून मागणे यात मला काही गैर वाटत नाही. मुलासाठी घर बांधायचे असेल, शेत खरेच पडीक झाले असेल, त्याने खुशाल मागावे. बाहेरच्या बिल्डरनेही मागावे. मात्र मागणी पंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे: अर्जदाराचे नाव, सर्व्हे नंबर, मागितलेला झोन, दिलेले कारण. वाड्याची खरी चूक आणि डोंगराची मानलेली चूक एकाच बंद फायलीत बसतात तेव्हा वाड्यातला गरीब माणूस पुढे ढाल म्हणून धरला जातो आणि फायदा भलत्याच्या पदरात पडतो. या गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड येते.

चुका उघड्यावर काढता येतात हे मुंबईने दाखवले आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. लोकांनी तो आपल्या गल्लीशी ताडून पाहिला, इतक्या चुका पुढे आणल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करायला सांगावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. वेळ गेला खरा. पण चूक कोणी दाखवली आणि काय बदलले, याची नोंद राहिली. महाराष्ट्रातल्या १९६६ च्या कायद्यानुसार प्रारूप विकास योजनेच्या नकाशाची प्रमाणित प्रत वाजवी किमतीत विकत मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या किती जणांनी ती कधी मागितली असेल?

गोव्यात आता कलम ३९ अ आहे. २०२४ पासून झोनबदलाचे अर्ज त्याखाली येतात. यात निदान सूचना प्रसिद्ध करून हरकतींसाठी ३० दिवस दिले जातात. पूर्वीपेक्षा हे बरे, पण ती सूचना इंग्रजीत, राजपत्रात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या सरकारी वापराची सोय ठेवली. तरी ज्या शेतकऱ्याच्या बांधालगतची जमीन बदलणार, त्याला कळेल अशा भाषेत त्याच्या दारी कागद पोचत नाही. आमच्या पंचायतीला मी लेखी विनंती केली आहे की गावाचे नाव असलेली प्रत्येक सूचना मराठीत आणि कोकणीत फलकावर लावावी. भाषांतर मी करून देईन, फुकट.

राजपत्र दर गुरुवारी निघते. मी ते घरी बसून मोबाइलवर उघडते, आमच्या तालुक्याची गावे शोधते, सर्व्हे नंबर वहीत उतरवून घेते. अर्धा तास लागतो. तुम्ही गोव्यात राहत असाल तर या गुरुवारी तुमच्या गावाचे नाव शोधा. सापडले तर त्या सर्व्हे नंबरावर जाऊन उभे राहा, तिथे पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते पाहा आणि ३० दिवसांच्या आत लिहून कळवा.